प्लेटीवरची रेघ

मालवणच्या बाजारपेठेत गुरुदासचा फोटो स्टुडिओ होता, आणि देवाकडून जे काम अर्धवट राहिलं ते गुरुदासकडे पुरं होतं, असं लोक म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, पण घरात लग्नाची मुलगी असली की तेच लोक मुकाट त्याच्या बाकावर येऊन बसायचे. मुलीच्या गालावर देवीचे वण असोत, कपाळावर खोक असो, नाहीतर बापाच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबत असोत, फोटोत त्यातलं काही म्हणजे काही उरत नसे. ही करामत कॅमेऱ्याची नव्हे, पेन्सिलीची. मूळ फिल्मवर सगळं उलटं दिसतं, चेहरा काळपट आणि सुरकुती पांढरी. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ती पांढरी रेघ भरून काढली, की कागदावरची सुरकुती गायब. याला म्हणतात रिटचिंग. कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत असा हात नाही, असं गुरुदास स्वतःच सांगायचा, म्हणजे ते खरं असलंच पाहिजे! एकदा तर अंतरपाट खाली गेल्यावर नवरामुलगा दोन पावलं मागे सरकला होता. पण तो किस्सा आज नको.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर भाई डॉक्टराने मुंबईहून एक्स-रेचं मशीन आणलं. जुनंच होतं, आगबोटीतून पडावात, म्हणजे धक्क्यावर नेणाऱ्या मोठ्या होडीत, आणि पडावातून बैलगाडीत उतरवताना त्याचे आणखी दोन पोचे वाढले. दवाखान्यामागे डॉक्टराने इंजिन बसवलं. ते सुरू झालं की अख्ख्या आळीतली कुत्री भुंकायची. मशीन आलं, इंजिन आलं, पण फिल्म धुणार कोण? मालवणात अंधारी खोली एकच, गुरुदासची. मग ठरलं, डॉक्टराने फिल्म काढायची आणि गुरुदासने धुवून, सुकवून दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. फिल्मला डॉक्टर प्लेट म्हणायचा, म्हणून गुरुदासही प्लेट म्हणू लागला.

भाई डॉक्टराच्या डोक्यात एक खूळ होतं. खूळ म्हणजे, शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आलं की त्याला अभ्यास म्हणतात. "गुरुदास," तो टेबलावर बोट आपटून सांगू लागला, "या किनाऱ्यावर पाय दुखतो म्हणणारे शंभर आहेत. सगळ्यांना आपण तेल चोळायला सांगतो. पण कुणाचा सांधा झिजलेला असतो, आणि कुणाची शीर आतून टणक होऊन पायाकडे रक्तच पोचत नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच. मी सगळ्यांच्या प्लेटी काढणार, वहीत मांडणार, आणि मुंबईला माझ्या सरांकडे पाठवणार." गुरुदासने "होय, होय" म्हणून मान डोलावली. त्याच्या ध्यानात एवढंच राहिलं की हाड पांढरं यायला पाहिजे, बाकी सगळं करडं, आणि मधे घाण नको.

पहिली प्लेट चाचणीची. कुणाचा पाय घ्यायचा म्हणून डॉक्टराने समोरच्या गुरुदासलाच टेबलावर झोपवलं आणि त्याच्या गुडघ्याची, नडगीची प्लेट काढली. ती धुवून आली ती नुसती ठिपक्यांनी आणि ओघळांनी भरलेली. विहिरीचं पाणी मचूळ, त्याचे ते चाळे. डॉक्टर खवळला. "ही प्लेट आहे की खरजेचा पाय? असल्या डागावरून मी उद्या कुणाचा रोग ठरवला तर माणसाचं वाटोळं होईल. मला प्लेट स्वच्छ पाहिजे, समजलास?"

आता, पंचवीस वर्षं ज्याच्या हाताची तारीफ झाली त्याला असं बोलणं म्हणजे मिरच्यांची धुरीच. गुरुदास ती प्लेट उचलून तरातरा निघाला, वाटेत पिंपळाच्या पाराकडे बिडी पेटवायला थांबला, दोन झुरके मारून पुढे गेला. लांबच्या गोड्या विहिरीचं पाणी आणायची त्याने व्यवस्था केली. पण ती पहिली प्लेट? ती त्याने रिटचिंगच्या काचेवर ठेवली, भिंग डोळ्याला लावलं, आणि एकेक ठिपका पेन्सिलीने असा काही भरला की बोलायची सोय नाही. हाडाच्या मागून एक बारीक पांढरी रेघ खाली गेली होती, तीही भरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टराने प्लेट खिडकीशी धरली आणि म्हणाला, "वा! असा हात पाहिजे." काय केलंस ते त्याने विचारलं नाही, आणि याने सांगितलं नाही.

गाडी अशी रुळावर आली. आठवड्याला दोन-तीन प्लेटी यायच्या. चांगल्या पाण्यामुळे ठिपके संपले, पण मधेच एखाद्या प्लेटीवर ती रेघ यायचीच. गुरुदास बुचकळ्यात पडायचा. पाणी खराब म्हणावं तर सगळ्यांना पाणी एकच. फिल्मच्या डब्यात खडा अडकून ओरखडा पडतो म्हणावं तर तो प्रत्येक प्लेटीवर पडायला हवा. केस म्हणावा तर इतका सरळ केस कुणाचा? एकदा त्याला वाटलं, डॉक्टराला विचारावं. पण विचारायचं म्हणजे आपला हात साफ नाही असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं! त्यापेक्षा पेन्सिल बरी. तो रेघ भरायचा आणि कामाला लागायचा.

माघ महिन्यात त्याची अक्का आली. आनंदी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा गुरुदास चार वर्षांचा होता, त्याला कडेवर घेऊन तिने भात शिजवलाय आणि आपल्या लग्नात पाठराखणीला म्हणून त्यालाच बरोबर नेलाय. तिचा नवरा सत्यवान आचऱ्याचा पोस्टमन. आचऱ्याहून तोंडवलीपर्यंत टपाल घेऊन चालत जायचा, चालत यायचा, आणि वाटेत प्रत्येक घरच्या गप्पा-गजाली ऐकायचा. गेलं वर्षभर त्याचं एक निराळंच सुरू झालं होतं. शंभर-दीडशे पावलं चालला की पोटरीत गोळा यायचा, पाय म्हणजे दगड. जरा उभा राहिला की मोकळा. पुन्हा शंभर पावलं, पुन्हा दगड. लोक म्हणू लागले, पोस्टमन हल्ली चकाट्या पिटत थांबतो. वर तक्रारही गेली. पोस्टमास्तरने बजावलं, पाय बरा कर, नाहीतर नोकरीवर पाणी सोड.

"गुरू," आनंदी म्हणाली, "ह्यांका तुझ्या त्या डॉक्टराकडे दाखव. चलाचा बंद झाला तर ह्यो माणूस जगाचो नाय. घरात बसलेलो पोस्टमन बघलंस कधी?"

"गप गो," सत्यवान बाकावरून हसत म्हणाला. "पाय दुखता म्हणून कोण मेलो काय?"

गुरुदासच्या घरात तो एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पाय बरा होईपर्यंत दोघांनी इथंच राहायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्याकडे निघाली. सत्यवान दोनदा थांबला. पाराकडे गुरुदासही थांबला. "थांब गो अक्का, बिडी पेटवतंय." आनंदी दोघांकडे बघून वैतागली. "एकाक पाय नाय, दुसऱ्याक बिडी. मिया एकटीच जाऊन प्लेट काढून घेतंय!"

डॉक्टराने सत्यवानच्या पावलावर बोट ठेवून बराच वेळ डोळे मिटले. मग दुसऱ्या पावलावर ठेवलं. मग पुन्हा पहिल्या. "नाडी लागत नाहीशी वाटते," तो पुटपुटला. "बघू, प्लेट काय म्हणते ते."

त्या संध्याकाळी गुरुदासने प्लेट पाण्यातून वर काढली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रेघ होती, आणि एक नव्हे, दोन! गुडघ्याच्या मागून जोडीने निघून नडगीच्या कडेने खाली पोटरीत गेलेल्या, मधे मधे तुटलेल्या, चुन्याने ओढल्यासारख्या. इतकी घाण एका प्लेटीवर त्याने उभ्या जन्मात बघितली नव्हती. आणि तीही नेमकी भावजींच्या प्लेटीवर! डॉक्टर काय म्हणेल, अक्का काय म्हणेल? सगळ्या मालवणच्या प्लेटी साफ आणि घरच्या माणसाची अशी? सकाळी त्याने डॉक्टराला "फिल्मेक उजेड लागलो" अशी थाप मारून दुसरी प्लेट काढायला लावली. दुसरीवर त्याच दोन रेघा, त्याच जागी. डाग काय ठरवून येतो? पण विचार करून करून हाती काही लागेना, तेव्हा त्याने आपल्याला जे येतं ते केलं. अख्खी दुपार तो काचेवर वाकून बसला. करड्या रंगाची प्रत्येक छटा जुळवत, पेन्सिल बदलत, श्वास धरून त्याने त्या दोन्ही रेघा भरल्या. आयुष्यात इतकं सुंदर काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

डॉक्टराने प्लेट खिडकीशी धरली. मग सत्यवानच्या पावलावर बोट ठेवलं. मग पुन्हा प्लेट बघितली. "मला काही उमगत नाही," तो म्हणाला. "बोट एक सांगतं, प्लेट दुसरंच सांगते. शिरेत काही दिसत नाही. गुडघ्याचा सांधा थोडा झिजलाय, एवढंच." तो जरा घुटमळला. "माझं बोट चुकत असेल. अनवाणी चालून पावलाचं कातडं केवढं जाड झालंय! प्लेट काही खोटं बोलायची नाही. सांधाच धरू. तेल चोळा, वीट तापवून सकाळ-संध्याकाळ शेक द्या. गुडघ्यापासून पावलापर्यंत, चांगला कडकडीत."

वीट तापवायचं काम गुरुदासने हौसेने अंगावर घेतलं. चुलीत लाल करायची, फडक्यात गुंडाळायची, आनंदीच्या हातात द्यायची. आनंदी शेक द्यायची आणि विचारायची, "भाजता काय हो?" सत्यवान म्हणायचा, "खंय भाजता? माका तर थंडच लागता. गुरू, इस्तव वाढव रे." गुरुदास आणखी तापवायचा. शेकाला पाय दाद देत नाही म्हणजे दुखणं मुरलेलं आहे, आणखी शेकायला हवं, असा तिघांचा हिशोब.

सहाव्या दिवशी अंगठ्यावर फोड आला. नवव्या दिवशी फोड फुटला आणि अंगठ्याचं टोक जांभळं पडलं. बाराव्या दिवशी ते काळं झालं, आणि ज्या माणसाला वीट भाजली नव्हती तो माणूस दुखण्याने उशीत तोंड खुपसून कण्हू लागला. आनंदीने देवाला नारळ बोलला, दृष्ट काढली, आणि मग पदर खोचून सरळ डॉक्टराच्या दारात जाऊन उभी राहिली. गुरुदास मागोमाग गेला.

भाई डॉक्टर घरी येऊन अंगठा बघून गेला होता. आता तो खुर्चीत डोकं धरून बसला होता. आनंदीला त्याने बाहेरच्या बाकावर बसवलं आणि गुरुदासला आत घेऊन दार लोटलं. "गुरुदास, तुला म्हणून सांगतो. माझी मती गुंग झालीय. हा अंगठा ओरडून सांगतोय की रक्त पोचत नाही. शिरेचा रोग असेल तर मी दिलेला शेक म्हणजे जळत्या घरात तेल! पण तुझी प्लेट बघ, किती स्वच्छ. दोन्ही खरं कसं असेल?" त्याने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून उघडलं. "हे बघ. शीर टणक झाली की प्लेटीवर अशी दिसते. अशी एक जरी रेघ दिसली असती तर त्याच दिवशी मी त्यांना आगबोटीत बसवलं असतं. मुंबईला शिरेत औषध सोडून फोटो काढतात, रक्त कुठं तुंबलंय ते नेमकं दिसतं. कमरेतली एक नस कापून पायाच्या शिरा मोकळ्या करतात, पाय वाचतो. पण झिजलेल्या गुडघ्यासाठी आणि एका अंगठ्यासाठी काय म्हणून एवढी दगदग करायला लावू? इथंच अंगठा कापतो झालं."

गुरुदासने पुस्तकात बघितलं. एक गुडघा होता. गुडघ्याच्या मागून जोडीने निघून खाली गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा होत्या, मधे मधे तुटलेल्या, चुन्याने ओढल्यासारख्या.

त्याला आधी वाटलं, या पुस्तकवाल्यांचंही पाणी मचूळच असणार. खरंच, असंच वाटलं त्याला! मग हळूहळू पायाखालची जमीन सरकली. तो "आलोच" म्हणून मागच्या दाराने बाहेर पडला आणि बंदराच्या दिशेने चालू लागला. कुठं जातोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मधेच पाय जड झाला म्हणून एका उपड्या घातलेल्या होडीवर बसला आणि बिडी पेटवली. रेघ म्हणजे घाण नव्हती तर. पण पुस्तकातली रेघ ती आपली रेघ कशावरून? आपली घाणच असली तर? उगाच कबूल करून तोंड काळं करायचं? हे बाजारात फुटलं तर उद्या कोण फोटो काढून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टर अंगठा कापतोच आहे, भावजी बरे होतील... आणि नाही झाले तर? अंगठा कापला, मग पाऊल गेलं, मग गुडघा? डोळ्यांसमोर आनंदी आली, तेरा वर्षांची, एका कडेवर तो स्वतः, दुसऱ्या हातात पळी. त्याने बिडी वाळूत चिरडली. स्टुडिओत जाऊन टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेतला, आणि शक्य तितक्या भरभर दवाखान्यात परतला.

आनंदी आता आत येऊन बसली होती. डॉक्टर तिला अंगठ्याचं समजावत होता. गुरुदासने कुणाकडे न बघता सत्यवानची प्लेट उचलली, टेबलावर पसरली, कापूस भिजवला आणि गुडघ्याच्या मागून खाली एक बोळा फिरवला. कापूस काळा झाला. त्याने प्लेट खिडकीशी धरली.

दोन्ही रेघा लख्ख वर आल्या होत्या.

डॉक्टर उठून उभा राहिला. "हे काय?"

"मी भरलेली, पेन्सिलीन," गुरुदास म्हणाला. "माका वाटला घाण आसा. तुमी म्हटलास प्लेट स्वच्छ होयी. मी स्वच्छ केलंय."

आनंदी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "माका कोण सांगतला काय?" ती म्हणाली. "ती रेघ बरी काय वायट?"

"वाईट," डॉक्टर म्हणाला. "पण ती दिसली असती तर बरं झालं असतं."

आनंदीला उमजायला जरा वेळ लागला. मग ती भावाकडे वळली. "तू पुसलंस?"

"होय गो."

"तुका ठावक होता काय ता?"

"नाय. शप्पत, नाय."

"मग विचारूक काय झाला होता?" तिचा आवाज फुटला. "तोंडाक कुलूप घातलेला? मेल्या, चेडवांचे गाल पुसता पुसता माझ्या घोवाचो पाय पुसून टाकलंस! आणि वीट तापवून दिलंस, वीट! माझ्याच हातान भाजून घेतलंस त्यांका!" ती रडू लागली, आणि गुरुदास उभ्या उभ्या लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

डॉक्टर खिडकीशी पाठ करून उभा होता. "एकट्या त्याला कशाला बोलता बाई," तो म्हणाला. "माझ्या बोटाने मला खरं सांगितलं होतं. मी बोटावर विश्वास ठेवला नाही. आणि रेघ नसली म्हणजे रोग नाहीच, असं तरी कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मग एकदम वळून त्याने कागद ओढला आणि मुंबईला चिठ्ठी लिहायला बसला.

दुसऱ्या दिवशी सत्यवानला पाटावर बसवून पडावात चढवलं. आगबोट लांब उभी होती. आनंदी भावाशी एक शब्द बोलली नाही, त्याने दिलेली फराळाची पुडीही तिने धक्क्यावरच ठेवली. पण सत्यवानने गुरुदासला जवळ बोलावलं. दुखण्याने तोंड पांढरं पडलं होतं, तरी माणसाची खोड जाते थोडीच! "गुरू," तो म्हणाला, "लोकांची तोंडा सुंदर करतंस म्हणून ऐकलेला. माझ्या पायाक पण सुंदर केलंस मरे!" गुरुदासला हसावं की रडावं कळेना. पडाव सुटला.

मग सुरू झाली पुसापुशी. डॉक्टराच्या कपाटात एकतीस प्लेटी होत्या. यांतल्या कुठल्या भरल्यास, असं डॉक्टराने विचारलं, तर गुरुदासला धड आठवेना. त्याचं काम इतकं बेमालूम की त्याचं त्यालाच सापडेना! करड्यात करडं मिसळलेलं, हाड कुठं संपतं आणि आपली पेन्सिल कुठं सुरू होते, भिंगातूनही कळेना. शेवटी सगळ्याच पुसायच्या ठरल्या. रोज दुपारी गुरुदास कापूस फिरवायचा आणि डॉक्टर वही उघडून बसायचा. बऱ्याच प्लेटींवर काहीच निघत नसे. पण तोंडवलीच्या शिवाच्या प्लेटीवर रेघ निघाली. मासे विकणाऱ्या मथुरेच्या निघाली. आणखी दोघांच्या निघाली. वहीत "सांधा" लिहिलेलं डॉक्टर खोडायचा, "शीर" लिहायचा, आणि त्या माणसाला निरोप धाडायचा, शेक बंद कर, बिडी-तंबाखू बंद कर, येऊन भेट. मुंबईच्या सरांना त्याने पत्र टाकलं, की मागचं सगळं कळवलेलं रद्द समजावं.

तीस प्लेटी पुसून झाल्या. एक नंबरची राहिली. "ती ट्रायलची, ती कित्याक?" असं म्हणत गुरुदासने ती स्टुडिओत नेऊन ठेवली. डॉक्टराने दोनदा आठवण केली. गुरुदास म्हणाला, "उद्या." लोक फोटोला यायचे. तो पेन्सिल घेऊन बसायचा, एखाद्या म्हाताऱ्याच्या गालावरची रेघ बघायचा आणि तसाच बसून राहायचा. ही घालवावी की ठेवावी? वर्षभरापूर्वी हा प्रश्न त्याला कुणी विचारला असता तर तो पोट धरून हसला असता.

चैत्रात दोघं मुंबईहून परतली. सत्यवानचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली होती. पाय राहिला होता. पोस्टमास्तरने त्याला आत टेबलाशी बसवून टपालावर शिक्के मारायचं काम दिलं, आणि आता सगळं आचरा गजाली सांगायला त्याच्या खिडकीशीच येऊ लागलं. हे गुरुदासला लोकांकडून कळलं. आनंदीकडून चिठ्ठी नाही, निरोप नाही. सव्वा महिना त्याने वाट बघितली.

आणि एका दुपारी ती स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फणस होता. तो तिने कोपऱ्यात ठेवला, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "पाणी दी."

गुरुदासने पाणी दिलं. ती पाणी पीत इकडेतिकडे बघत होती. रिटचिंगच्या काचेवर एक काळी प्लेट पडली होती, वर धूळ बसलेली.

"ही कोणाची?"

"माझीच. पयली, ट्रायलची. तशीच पडलेली आसा."

"पुसलंस नाय?"

"हीका काय पुसाचा? हिच्यार पाण्याचे डाग होते नुसते."

आनंदीने तांब्या खाली ठेवला. "रस्त्यान येता-जाताना तू बिडी पेटवूक थांबतंस," ती म्हणाली, "मिया बघलंय. पयलां पाराकडे थांबायचंस. ह्यांका घेऊन दवाखान्यात फेऱ्या घालताना पाराच्या आधीच, कासाराच्या दुकानाकडे थांबाक लागलंस. बिडी तोंडात आधीच पेटलेली आसली तरी थांबायचंस. मुंबयत दीड महिनो मिया दुसरा काय बघलंय? असले थांबणारे पायच बघलंय. पूस."

"अक्का..."

"पूस म्हणतंय मी!"

लहानपणी अंघोळीला बोलवायची तोच आवाज. गुरुदासने मुकाट कापूस भिजवला. आधी ठिपके निघाले, ओघळ निघाले, विहिरीच्या पाण्याची सगळी खरूज निघाली. त्याच्या जिवात जीव आला. "बघ, डागच आसत," तो म्हणाला. मग गुडघ्याच्या मागून त्याने बोळा खाली आणला, आणि बारीक पांढरी रेघ दिसली. हाही पाण्याचाच ओघळ असेल, नीट पुसला गेला नसेल, असं पुटपुटत त्याने आणखी टर्पेंटाइन घेतलं आणि पुन्हा पुसलं. मग आणखी एकदा. डाग सगळे विरघळून गेले, पण रेघ मात्र जितकी पुसावी तितकी उजळत गेली.

तो कापूस धरून तसाच बसला. आयुष्यभर लोकांच्या रेघा पुसणाऱ्याला स्वतःची रेघ पुसता येईना.

आनंदी त्याच्याजवळ आली. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून तिने बिड्यांचा कट्टा काढला, खिडकीतून बाहेर भिरकावला, आणि क्षणभर त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उठ," ती म्हणाली. "भाई डॉक्टर आसा अजून दवाखान्यात. ती प्लेट घे."

तो प्लेट काखोटीला मारून तिच्यामागून निघाला. बाजारात ऊन होतं. कुणी काय विचारलं, कुणी हाक मारली, त्याला काही कळलं नाही. आनंदी पुढे चालत होती, नेहमीसारखी तरातरा नव्हे, सावकाश. कासाराच्या दुकानाशी पोचल्यावर, त्याचा पाय जड व्हायच्या आधीच, ती आपणहून थांबली.